बयूमींच्या गच्चीवरचं रिकामं खुराडं

उस्ताज बयूमी एखाद्या गल्लीत शिरले की तिथल्या बायका त्यांच्या सलामाला लगेच उत्तर देत नसत. आधी मान वर करून तारेकडे बघत. खांबावर टाकलेला आकडा काढलाय ना, एवढी खात्री झाली की मग सावकाश, "व अलैकुम सलाम, उस्ताज. या ना, चहा घ्या." आणि तो चहाही अशा बेतानं विचारायचा, की समोरच्यानं नकोच म्हणावं.

माणूस आयुष्यभर विजेचे मीटर वाचत हिंडला, त्याच्याशी लोकांनी याहून वेगळं कसं वागायचं? आमच्या कफ्र जुम्मैझ गावात असं घर नव्हतं, ज्याच्या जिन्याखाली हा माणूस विजेरी घेऊन वाकला नसेल. दारात उभं राहून "वीऽऽज!" अशी आरोळी ठोकली की आत पळापळ सुरू व्हायची. आमच्याकडे चोरी करत नाही असा माणूस नाही, आणि चोरी कबूल करतो असा तर शोधूनही सापडायचा नाही. बयूमी मात्र लाच घेत नसत, दमही देत नसत. तार काढायची, कळवायचं आणि पुढच्या दाराला जायचं. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात गल्लीभर दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, खांबावरून फुकटची वीज घेऊन. सगळ्यांच्याच लग्नात घेतात. बयूमी जेवता जेवता उठले, हात धुतले आणि शिडी लावून आकडा काढून आले. नवरा-नवरी, वाजंत्री, पाव्हणे, सगळे काळोखात. त्यांची बायको इन्शिराह, म्हणजे नवऱ्या मुलाची बहीण, त्या दिवशी जे बोलली ते अजून लोक एकमेकांना सांगतात.

संशय तर त्यांच्या हाडात मुरलेला. टोमॅटो घेताना एकेक उलटा करून बघणार. दूधवाल्यानं शपथ घेतली की यांचा संशय दुप्पट. "खरं बोलणाऱ्याला शपथ कशाला लागते?" असं त्याच्याच तोंडावर विचारणार.

तर असा हा माणूस निवृत्त झाला आणि एक दिवस त्यांच्या गच्चीवर ठोकाठोकी ऐकू यायला लागली. जुनं दार, खजुराच्या फांद्यांच्या पेट्या, कुठूनशी आणलेली जाळी. महिनाभर खपून बयूमींनी कोंबड्यांसाठी खुराडं उभं केलं. बरं झालं होतं, खोटं कशाला बोला. एका अंगाला जरा कललेलं, पण मजबूत. बघणाऱ्यांना प्रश्न पडला, या माणसाला आणि कोंबड्या?

त्याचं कारण आदल्या वर्षाचं. पाखरांची साथ आली होती, आणि घराघरांतल्या कोंबड्या-बदकं जमा करा असा हुकूम निघाला. पांढरे झगे घातलेली माणसं पोती घेऊन दारोदार फिरली. बाकीचे नवरे दारात आडवे उभे राहिले, आमच्याकडे कसली आलीत पाखरं, म्हणाले. बयूमींनी दार सताड उघडलं. "वर आहेत," म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण भट्टीमागं इन्शिराहनं टोपलीखाली एक कोंबडा झाकला होता, तोही त्यांनी स्वतःच्या हातानं काढून पोत्यात घातला.

इन्शिराह भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोलकी बाई. सकाळी तोंड उघडलं की रात्री उशीला डोकं टेकेपर्यंत गिरणी चालू. तिनं बोलणंच आखडतं घेतलं. "चहा ठेवलाय." "जेवा." "गलालचा फोन आला होता." एवढंच. मुलगा काय म्हणाला, कसा आहे, काही नाही. गच्चीची पायरी ती पुन्हा चढली नाही. कपडेसुद्धा खिडकीतल्या दोरीवर घालायची.

नोकरी होती तोवर दिवस बाहेर जायचा. आता दिवसभर घरात, आणि समोर ही न बोलणारी बायको. बयूमींना ते सोसवेना. सांगणार कोणाला? कोंबड्या आल्या की ती गच्चीवर येईल, गच्चीवर आली की बोलेल, असा त्यांचा साधा बेत. खुराडं झालं. आता फक्त कोंबड्या मिळायच्या होत्या.

पहिल्यांदा ते दौलतकडे गेले. दौलत म्हणजे इन्शिराहची लहानपणापासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची, मागं अंगण असलेलं घर.

"कोंबड्या?" दौलतनं असं विचारलं, जसा काही बयूमींनी हत्ती मागितला. "अल्लाशपथ उस्ताज, साथीपासून या घरात कोंबडीचं पीससुद्धा शिरलं नाही."

तेवढ्यात मागून आवाज आला, कोक्, कोक्, कोक्.

"हे काय?"

"माझी सासू. खोकते."

"तुझ्या सासूला जाऊन पाच वर्षं झाली, दौलत. मी मातीला आलो होतो."

"मग नवऱ्याची आत्या असेल. या घरात खोकणाऱ्या काय कमी आहेत?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," बयूमी म्हणाले. "मला विकत हव्यात. फुकट नको."

"असत्या तर दिल्या नसत्या का? तुमच्यापेक्षा कोण जवळचं आहे आम्हाला?" असं म्हणत दौलतनं दार लोटलंसुद्धा.

दारोदार तेच. कुठं अंगणात ताजी विष्ठा पडलेली, तर बाई म्हणायची, कबुतरं येतात हो. कुठं तव्यावर अंडी फुटत असायची, तर ती दुकानातली. एका घरी तर कोंबडी चक्क पाव्हण्याच्या कोचाखालून बाहेर आली, आणि घरधनीण तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अगंबाई, ही कोणाची?" बयूमी सगळीकडे मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, लबाड आहेत सगळे. मला विकायची नाही म्हणजे नक्कीच रोगट असणार. बायका दार लावून म्हणायच्या, आला हेरायला! दोन्हीकडून संशय, आणि कोणी कोणाला ताकास तूर लागू देईना.

मंगळवारच्या बाजारात गेले, तर घोळ त्यांनी स्वतःच घातला. कचेरीतला तपकिरी सफारी अंगात, खिशाला पेन. आयुष्यभर बाहेर पडताना हेच घातलं, दुसरं काही सुचायचं कसं? खेड्यांतून टोपल्या घेऊन आलेल्या बायकांनी सफारी लांबूनच पाहिला. पाखरांवर फडकी पडली, टोपल्या डोक्यावर गेल्या, आणि बयूमी पोहोचेपर्यंत कोंबडबाजारात फक्त पिसं उरली. एकच माणूस जागचा हलला नाही. तो परगावचा होता.

"या बाशा! अस्सल गावठी. माझ्या बापाच्या शेतावर दाणे टिपून वाढलेल्या."

बयूमींनी एक उचलली. तुरा फिकट. पोटाखालची पिसं झडलेली. मग त्यांनी चोचीकडे पाहिलं.

"शेतावर वाढलेल्या कोंबडीची चोच कापतात का रे तुझ्याकडे?"

"ती... दगडावर घासते ती. सवयच तशी."

"सगळ्यांनाच एकदम सवय लागली?" बयूमींनी बोट थुंकीनं ओलं केलं आणि पंखावर घासलं. बोट तपकिरी झालं. "चहाच्या पाण्यात बुचकळल्यास. या मोठ्या पोल्ट्रीतल्या पांढऱ्या आहेत, अंडी घालून घालून रिकाम्या झालेल्या. यांना मी काय करू, पेन्शन देऊ?"

तो माणूस चिडला. "बाशा, कोंबडी घेताय की सून बघताय? चोच बघितली, पिसं बघितली, आता हिचे आजे-पणजे विचारा!"

बयूमी रिकामा पिंजरा घेऊन घरी आले. इन्शिराहनं दार उघडलं, पिंजऱ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "जेवा," म्हणाली. पण ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. सुटल्यासारखं. माणसाच्या घरी कोंबड्या आल्या नाहीत, यात बायकोला सुटल्यासारखं का वाटावं? बयूमींच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांचा धंदाच असा होता, की मीटर फिरत नसेल आणि घरात दिवे जळत असतील, तर कुठंतरी आकडा आहे. तीच नजर त्यांनी आता स्वतःच्या घराकडे वळवली. घरात खाणारी दोन माणसं. भाकरी तेवढीच येते, जेवढी मुलं असताना यायची. शिळी पडायला हवी. पण कोपऱ्यातल्या फडक्यात शिळा तुकडा म्हणून नाही. भाजीची देठं नाहीत. टरबुजाच्या साली नाहीत. आणि अंडी मात्र रोज, इतकी ताजी की टरफल अजून खरखरीत. इतके दिवस त्यांना वाटायचं, वाणी ही अंडी हिलाच स्वस्त का देतो? पाणी मुरत होतं ते वाण्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्शिराह टोपलीवर फडकं घालून निघाली. "दौलतकडे," एवढंच म्हणाली. बयूमींनी थोडा वेळ जाऊ दिला आणि मागोमाग निघाले. चोरासारखं भिंतीच्या कडेनं जायची पाळी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

दौलतच्या घराला वळसा घालून ते अंगणाच्या भिंतीपाशी थांबले. आतून कोंबड्यांचा कलकलाट, आणि त्यावर इन्शिराहचा आवाज.

"ए तुरेवाली, तिला का ढकलतेस? तुझ्या बापाचं आहे का? घे, हे घे. आज सगळ्या लौकर खा गं बायांनो, माझा गुडघा फार दुखतोय. रात्रभर झोप नाही. कोणाला सांगू? आणि गलालचा फोन आला होता, ऐकलं का? त्याच्या बायकोला दिवस गेलेत. मी आजी होणार! तुम्ही काय बघताय अशा मान वाकडी करून, खरंच सांगते..."

बयूमी भिंतीला हात लावून उभे होते. गुडघा दुखतो हे त्यांना माहीत नव्हतं. आपण आजोबा होणार हेही माहीत नव्हतं. घरात "गलालचा फोन आला होता" म्हणून जे चार शब्द टाकले होते, त्यांचं उरलेलं वाक्य इथं कोंबड्यांपुढं पडत होतं. राग आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, पण आला नाही. ते आले तसेच माघारी गेले.

रात्री जेवताना ती मुलूखियाच्या पातळ पालेभाजीची पळी त्यांच्या वाडग्यात ओतत होती. ते म्हणाले, "दौलतच्या अंगणात किती आहेत?"

पळी हवेतच राहिली. मग तिनं ती सावकाश भांड्यात ठेवली आणि पदराशी हात पुसले.

"गाडी कधी येणार?"

"कसली गाडी?"

"तुम्ही बोलावलेली."

"मी कोणाला बोलावलं नाही. मी खुराडं बांधलंय, इन्शिराह."

"माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. बायका त्याला सापळा म्हणतात. कोंबड्या हव्यात म्हणत दारोदार जायचं, कोणाकडे आहेत ते पाहून ठेवायचं, आणि मग पोतीवाले आणायचे."

"आणि तुला? तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, तुम्हाला परत कामावर घेतलं."

बयूमींचा घास हातातच राहिला. चाळीस वर्षांचा संसार, आणि बायकोला नवरा सरकारी हेर वाटतो!

"हुकूम होता," ते हळूच म्हणाले. "म्हणून दिल्या."

"हुकूम सगळ्यांनाच होता."

ती उठून भांडी उचलायला लागली. गाव पालथं घातलं होतं त्यांनी, आणि कळसा म्हणाल तर अगदी काखेत.

सकाळी गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली. इन्शिराह गुडघा धरून, एकेक पायरी चढून वर आली. खुराड्याभोवती फिरली. दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ही जाळी? यातून घूस हात घालून सलाम करील." आणि उतरून गेली. बयूमी तडक बाजारात जाऊन बारीक जाळी घेऊन आले. मग म्हणाली, सावली नाही. त्यांनी गोणपाट बांधलं. मग म्हणाली, दांडी फार उंच, कोंबड्या काय टिटव्या आहेत? त्यांनी दांडी खाली घेतली. बोलणं तेवढंच, आणि तेही खुराड्याशी.

मग एका संध्याकाळी शालीखाली काहीतरी हलत असलेली ती दारातून आत आली. वर जाऊन तिनं शाल सोडली. दोन कोंबड्या.

"दोनच?" बयूमी म्हणाले.

"आधी दोन."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या कुठल्या?" तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बयूमींनी पुढं विचारलं नाही.

ती रोज वर जायला लागली. जिन्याखाली उभं राहिलं की तिचं कोंबड्यांशी बोलणं ऐकू यायचं. बयूमींनी पायरीवर पाय ठेवला की बंद. ते पुन्हा खाली यायचे. इतकं करून पदरात काय पडलं? तर स्वतःच्या जिन्याखाली चोरून बायकोचा आवाज ऐकायचा.

अशात एक दिवस दुपार उतरल्यावर दारावर थाप पडली. बयूमींनी उघडलं. तरुण माणूस, खांद्याला थंड पेटी, खिशाला पेन. ते पेन पाहूनच बयूमींच्या छातीत धस्स झालं. आपल्याला दारात पाहून लोकांना काय होत होतं, ते त्यांना त्या घडीला कळलं.

"सलाम अलैकुम, हाज. मी गुरांच्या दवाखान्यातून आलोय. घरात पाखरं आहेत का?"

बयूमी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. मेव्हण्याच्या लग्नातही नाही.

"नाहीत," ते म्हणाले.

गच्चीवरच्या कोंबडीनं नेमकं तेव्हाच अंडं घातलं. आणि अंडं घातलं की कोंबडी ते सगळ्या जगाला सांगते, तसं तिनं सांगितलं.

"हा आवाज?"

"रेडिओ आहे. शेजारचा."

तरुण माणूस हसला, पण दमलेलं हसला. "हाज, मी कोंबड्या न्यायला आलो नाही. लस टोचायला आलोय, फुकट. साथ पुन्हा डोकं वर काढतेय. सकाळपासून या गल्लीत हिंडतोय, कोणाकडेच कोंबडी नाही म्हणतात. टोचली नाही तर मरतील सगळ्या, मग मला नावं ठेवू नका."

आता आली का पंचाईत! हा खरं बोलतोय की नाही? कार्ड दाखवेल, पण कार्ड काय, कोणीही छापतो. आणि खरं बोलत असला, तर लस नाही टोचली तर वरच्या दोघी जातील, दौलतकडच्याही जातील. पण आहेत म्हणालो, तर इन्शिराह म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं का? दारात येणाऱ्या पहिल्याच पेनवाल्याला सांगून टाकलं. ते जिन्याकडे बघायला लागले. मग मान फिरवून म्हणाले, "नाहीत म्हटलं ना. एकही नाही. दुसरीकडे बघ, बाळ."

तो पेटी उचलून वळला.

"थांब रे!"

इन्शिराह जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. कधीपासून, कोणास ठाऊक. ती पुढं आली आणि त्या पोराची तिनं जी झडती घेतली, तशी बयूमींनी कधी मीटरचीही घेतली नसेल. नाव काय? वालिद. कोणाचा? मोरसी शिंप्याचा पुतण्या. शिंप्याच्या बायकोचं माहेर कुठलं? पेटी उघड. ही बाटली कसली? सुई नवी आहे का? पोती कुठं ठेवलीत? पोती नाहीत? मागं वळ बघू! तो बिचारा खरंच वळला.

मग ती म्हणाली, "नऊ आहेत. दोन वर, सात माझ्या मैत्रिणीकडे. चल, मी तुला घेऊन जाते. ती दार उघडणार नाही, मी हाक मारल्याशिवाय."

नऊ! बयूमींनी तो आकडा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"पण हे तर नाहीत म्हणाले," वालिद म्हणाला.

"ह्यांना काय माहीत आपल्या घरात काय आहे ते," इन्शिराह म्हणाली, आणि वर जाताना बयूमींच्या दंडाला हात लावून तिनं त्यांनाही चढायला लावलं. "चला. धरायला कोणीतरी हवं. नीट धरा, पंख दाबून. आयुष्यभर तारा धरल्यात, कोंबडी धरता येईल ना?"

संध्याकाळी सगळं आटपल्यावर दौलतकडच्या सातही पिंजऱ्यात घालून आणल्या गेल्या, आणि खुराडं पहिल्यांदा भरलं. इन्शिराह पालथ्या बादलीवर टेकली. बयूमी समोर जमिनीवर, मांडीवर एक बिथरलेली कोंबडी.

"रेडिओ म्हणे!" ती म्हणाली. "रेडिओवर कोंबडी अंडं घालते का हो? जन्मात एकदा खोटं बोलायचं, तर जरा शिकून तरी घ्यायचं. मला विचारलं असतंत! तोंड बघायचं होतं तुमचं, पावशेर मीठ खाल्ल्यासारखं. आणि ते पोरगं, मला वाटलं आता हसेल. मोरसीचा पुतण्या, त्याच्या काकूची बहीण माहितीय का तुम्हाला, तीच ती, जिनं सुनेला घराबाहेर काढलं होतं..."

काकूवरून ती दौलतवर गेली, दौलतवरून गलालवर, गलालवरून येणाऱ्या नातवावर, तिथून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पुन्हा रेडिओवर. मगरिबची बांग झाली. बयूमींना नमाजाला उठायचं होतं, पायाला मुंग्या आल्या होत्या, कोंबडी मांडीवर घाण करून मोकळी झाली होती. ते हलले नाहीत. ती मध्येच श्वास घ्यायला थांबली की घाईघाईनं म्हणायचे, "मग? मग काय झालं?"